सहा मिनिटं

"अण्णा, आता तुमीच सांगा. मीटर खोटं, का हा माणूस खोटा?"

गौरीशंकर शेठांनी काठावरच, फिरायला आलेल्या दहा-बारा माणसांदेखत बसवराज मिस्त्रीला विचारलं. तो अजून बोटीत उतरलाही नव्हता. शेठांच्या मागं बोटीचा चालक बब्रुवान खाली मान घालून उभा होता.

नळदुर्गजवळच्या या तलावावर शेठांनी हौसेनं थेट कोकणातून शिडाची बोट आणली होती. शीड फोटोपुरतं, वाऱ्याला इकडं यायला सवड कुठली? बोट चालायची इंजिनावर. इंजिन किती तास चाललं ते मोजणारं मीटर चालकासमोर होतं, आणि ते वहीतल्या फेऱ्यांपेक्षा दोनशे तास जास्त दाखवत होतं. शेठांनी ठरवून टाकलं की बब्रुवान चोरून बोट वाळूवाल्यांना देतो.

"मीटर नवं हाय. गेल्या महिन्यात तुमीच बसवलाव," शेठ म्हणाले. "बाराला जमादार येतोय. तुमचा शब्द अखेरचा. न्हायतर ह्याला देतो त्याच्या ताब्यात."

अकरा वाजून गेले होते. बसवराजनं किल्ली घेतली आणि तो बोटीत उतरला. एखादी तार सैल असेल, पाच मिनिटांचं काम. तीस वर्षं पंप आणि इंजिनं उघडून बसलेल्या माणसाला एवढी घमेंड असतेच, आणि बसवराजला ती अंमळ जास्तच होती.

खाली वाकला आणि तो जागीच थबकला.

बब्रुवान मूळचा ट्रक ड्रायव्हर. बोटीतही त्यानं तुळजाभवानीचा फोटो लावला होता, त्यापुढं लाल बल्ब. तो बल्ब जळत होता. आणि किल्ली बसवराजच्या मुठीत होती.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी बब्रुवान गॅरेजवर आला होता. "अण्णा, नऊ दिस दिवा इझू नाय, एवडं करून द्या." बसवराजला नातीच्या बारशाला जायची घाई. त्यानं बोटीवर येऊन दिव्याची तार किल्लीवरून काढून सरळ बॅटरीला जोडली. वर सोलरची पाटी होतीच, बॅटरी उतरायची चिंता नव्हती. पण त्याच तारेवर त्यानं स्वतःच मीटरही जोडलेलं होतं, हे त्या घाईत डोक्यातून साफ गेलं. तेव्हापासून देवीपुढं दिवा जळत होता आणि इंजिन बंद असतानाही मीटर तास मोजत होतं. कालच दसरा झाला.

'मीटर खराब' एवढं म्हटलं की सुटका होती. पण खराब म्हणून दिलेलं मीटर दुकानातून तपासून, ठणठणीत ठरून परत आलं असतं आणि बब्रुवान कायमचा चोर झाला असता. पाच तालुक्यांत बसवराजचं नाव होतं. ते नाव आज इथंच बुडणार, हे त्याला कळत होतं. त्याला मनापासून भीती वाटली.

"शेठ, खाली या," तो म्हणाला. "किल्ली तुमच्या हातात धरा. आन् ह्यो शेवटचा पांढरा आकडा बघा. तासाचा दहावा भाग, सहा मिनिटांनी सरकतो."

"इंजिन बंद हाय की."

"म्हणूनच बघा."

शेठ बघत राहिले. काठावरची माणसंही वाकली. कुणीतरी मोबाईलवर वेळ लावली. दोन मिनिटं झाली, तीन झाली. पाचव्या मिनिटाला शेठ चुळबुळले, "अण्णा, उगं टाइमपास..."

पांढरा आकडा सरकला.

शेठांनी मुठीतल्या किल्लीकडं बघितलं.

"बब्रुवाननं बोट कुठंबी नेली न्हाय," बसवराज मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तार म्या चुकीची जोडली. चोरी न्हाय, माजी चूक हाय."

मग तो बब्रुवानकडं वळला. "तू रोज हितं बसतूस. तुला आकडा सरकताना दिसला नसंल?"

"दिसला की, दिवा जोडल्यापास्नं."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू, अण्णा? आईच्या दिव्यावर आळ घेऊ?" बब्रुवान फोटोकडं बघत म्हणाला. "चोर म्हणत्यात तर म्हणू द्या म्हणलं."

शेठांनी जमादाराला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. बब्रुवानच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "चुकलं माजं. जा, बस इंजिनावर." बब्रुवाननं डोळे पुसले, फोटोला हात जोडले.

बसवराजनं तार सोडवली, दिवा आणि मीटर पुन्हा किल्लीवर घेतलं. इंजिन चालू करून बघावं म्हणून त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा," शेठ हळूच म्हणाले. "हितनं पुढं सोलापूरचा मिस्त्री बघंल."

"व्हय. बरं हुईल," बसवराज म्हणाला.

तो काठावर चढला आणि फडक्यानं हात पुसू लागला. हाताला वंगण लागलेलंच नव्हतं. तरी बब्रुवान बोट घेऊन लांब जाईपर्यंत तो पुसतच राहिला.