मिल लाव

अमरेश हे लिहिणारच नव्हता.

लिहायला बसायचा, एक वाक्य धडाधड टाइप करायचा, वाचायचा आणि पुसून टाकायचा. नेटवर दोस्ताच्या रेकॉर्डच्या पानाखाली ऐकणाऱ्यांनी आपलं मत लिहायची जागा असते, तिथं. कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी तिथं लिहिलं होतं. ज्याच्या घरामागं ती रेकॉर्ड झाली त्याचंच तेवढं काही नव्हतं. आपल्याच दोस्ताची आपणच काय तारीफ करायची, असं त्याला वाटायचं. आणि मनात खरं जे आहे ते लिहावं, तर वैजनाथला लागलं असतं.

वैजनाथ हिमायतनगरचा. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लासला आला आणि अमरेशच्या घरात वरची खोली भाड्यानं घेऊन राहिला. तिकडची कितीतरी पोरं अशीच येतात. पण ह्यानं पुस्तकांसोबत एक गिटार आणली होती, आणि पायानं दाबायच्या काही डब्या. डबी दाबली की गिटार गिटार राहायची नाही. कधी वादळ व्हायची, कधी नव्या बोअरला पाणी लागल्यावर येतो तसला आवाज यायचा. गाणं त्याच्याखाली कुठंतरी बुडालेलं.

"शूगेझ म्हणतात ह्याला," वैजनाथनं सांगितलं होतं. "वाजवणारा सारखा पायातल्या बुटाकडं बघत असतो म्हणून. आणि हे असं लांबण लावून आभाळात गेलं की स्पेस रॉक."

अमरेशची आई, गुरम्मा, जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिला घरात सगळे अव्वा म्हणतात.

"खाली मान घालून का वाजवायलंय हे पोरगं?" तिनं विचारलं. "लाजायलंय का?"

"डब्या बघून राहिलो काकू."

"आन् गाणं कुठाय?"

"आतमधी हाय."

"आत ठिवून काय करतोस? बाहीर काढ की."

तर असा हा वैजनाथ. डॉक्टर झाला नाही. पण अमरेशला त्यानं ऐकायचा नाद लावला, आणि हा नाद लागला नसता तर अप्पा गेल्यानंतरचे दिवस अमरेशनं कसे काढले असते, त्याचं त्यालाच ठाऊक नाही.

अप्पा म्हणजे माणिकप्पा, अमरेशचे वडील. घराला लागूनच मागं त्यांची डाळ मिल होती. सकाळी बटन दाबलं की संध्याकाळपर्यंत घरघर चालूच. घरातली माणसं त्या घरघरीच्या वर आवाज चढवूनच बोलायची. लग्न करून आलेली अव्वा पहिल्या वर्षी कंटाळली, नंतर तिला ते ऐकू येईनासं झालं.

रेकॉर्ड करायची तर शांतता पाहिजे. ती लातुरात एकाच दिवशी मिळते, येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला. त्या दिवशी अख्खं गाव शेतात. भज्जी, आंबील, उंडे, दुपारी झाडाखाली ताणून देणं. मिल बंद, बाजार बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. वैजनाथ आणि अमरेश दोघं शेतात न जाता मागं राहिले. मिलच्या गोडाऊनमध्ये तुरीच्या पोत्यांची भिंत रचली, मध्ये ॲम्प ठेवला, उसना आणलेला लॅपटॉप लावला. वैजनाथ वाजवणार आणि गाणार, अमरेश माइकची वायर धरून बसणार.

गाणं लांबलचक होतं. वैजनाथ मान खाली घालून डब्यांवर नाचत होता, अमरेशचे कान बधिर झाले होते. अशात अप्पा पोरांसाठी आंबिलीची केळी, छोटं मडकं, गाडीला बांधून शेतातून परत आले. मिलपाशी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, सकाळच्या गडबडीत मशीनपुढं नारळ फोडायचा राहिला. दर अमावास्येला ते नारळ फोडून मशीन थोडी रिकामी फिरवायचे. त्यांनी नारळ फोडला. बटन दाबलं. एकदा चालू केलीच आहे तर फिरू द्या जरा, म्हणून पोत्यावर बसून राहिले.

पोरांना हे नंतर ऐकताना कळलं. सुरुवात सोडली तर अख्ख्या गाण्याखाली मिल.

"अप्पा, हे काय केलं हो," अमरेश म्हणाला.

"काय केलं? अमुशा हाय," अप्पा म्हणाले. "आंबील पिऊन घ्या, आंबट व्हायलीय."

परत वाजवायचं तर पुढच्या येळवशीपर्यंत थांबावं लागणार होतं. कोण थांबतंय. वैजनाथनं आहे तसं नेटवर चढवून दिलं. रेकॉर्डचं नाव ठेवलं 'फोलपटं'. अमरेशनं कारण विचारलं, तर म्हणाला, डाळ कधी होईल तवा होईल, तोवर हे घ्या म्हणावं.

पहिली दोन वर्षं कुणी कुत्र्यानंही ऐकलं नाही. मग हळूहळू अभिप्राय यायला लागले. फिनलंडच्या एकानं लिहिलं, दारातला बर्फ उपसताना लावतो, बर्फ संपतो पण गाणं संपू नये वाटतं. ब्राझीलच्या एका बाईनं लिहिलं, शब्द कळत नाहीत ते बरंय, कळले असते तर मी रडले असते. कोल्हापूरचा एक, "भावा, शब्द मलाबी कळत न्हाईत आणि मी मराठीच हाय."

आणि मग एकजण आला. त्यानं लिहिलं : गिटार उत्तम. पण सुरुवातीच्या थोड्या वेळानंतर खालून सतत घरघर येते, ती शेवटपर्यंत जात नाही. हेडफोन लावून ऐका. एवढं चांगलं वाजवून असा निष्काळजीपणा का?

खाली आणखी दोघा-तिघांनी 'खरंय' म्हणून लिहिलं.

हे वैजनाथला डसलं. तो आता नांदेडला एका मंगल कार्यालयात साउंड बघतो. "साउंडचंच काम करून राहिलो अन् माझ्याच रेकॉर्डवर घरघर," फोनवर म्हणाला. "साफ करायचं सॉफ्टवेअर आलंय. बसून काढतो. जुनं उतरवतो, नवं चढवतो." महिनाभर रोज कामावरून आल्यावर तो तेच करत बसला.

अमरेशनं 'हाव, हाव' म्हणून होकार दिला आणि फोन ठेवला. पण त्या दिवसापासून तो रेकॉर्डच्या पानाखाली एकेक वाक्य लिहायला आणि पुसायला लागला.

कारण मधल्या काळात अप्पा गेले होते. मिल अमरेशच्यानं झाली नाही, त्याला लॅपटॉप दुरुस्तीच जमते. मशीन उदगीरच्या एका शेठनं नेली. घरामागं आता नुसता पत्रा. अव्वा दुपारची भाकरी थापताना मध्येच थांबायची आणि मागच्या दाराकडं बघायची. विचारलं तर काय न्हाई म्हणायची. एकदा अमरेशनं घरातल्या स्पीकरवर सहज 'फोलपटं' लावलं. अव्वाचा हात परातीतच राहिला.

"मिल कुणी चालू केली?"

तेव्हापासून रोज. भाकरीला बसली की हाक. "अमऱ्या, मिल लाव रे." त्या रेकॉर्डला तिच्या लेखी दुसरं नावच नाही. जगातले लोक गिटार ऐकत होते, अव्वा तिच्याखालची मिल ऐकत होती.

आता अमरेशजवळ जुनी फाइल होती. अव्वापुरतं काही अडणार नव्हतं. पण त्याला एक गोष्ट सुचली होती आणि ती डोक्यातून जात नव्हती. फिनलंडात कुणी बर्फ उपसतोय आणि अप्पांची मिल चालू आहे. ब्राझीलमध्ये चालू आहे. कोल्हापुरात चालू आहे. वैजनाथनं नवं चढवलं की ती सगळीकडे एकदम बंद पडणार. कायमची. आणि महिनाभर डोळे फोडून साफ करणाऱ्या दोस्ताला हे सांगायचं कसं?

रविवारी वैजनाथ लॅपटॉप घेऊन नांदेडहून आलाच. "चढवायच्या आधी तू ऐक. वायर तू धरली व्हती."

अव्वा चुलीशी होती. वैजनाथ पाया पडला. "काय रं, लग्नात वाजवितोस म्हणं," अव्वा म्हणाली. "तिथं तरी मान वर करतोस का न्हाई?"

"तिथं वाजवत न्हाई काकू. आवाज कमी-जास्त करतो."

"मंग बरंय. वरातीला कमीच कर."

वैजनाथनं लॅपटॉप स्पीकरला जोडला आणि नवं गाणं लावलं. अमरेशनं ऐकलं. खोटं कशाला बोला, काम झकास होतं. गिटार धुऊन काढल्यासारखी, एकेक तार वेगळी. वैजनाथ त्याच्या तोंडाकडं बघत होता. अमरेश मान हलवत होता.

भाकरीचा आवाज थांबला.

"लाईट गेली का रे?" अव्वानं आतून विचारलं.

"न्हाई काकू, हाय की," वैजनाथ म्हणाला.

अव्वा पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं वर बघितलं. पंखा फिरत होता. मग मागच्या दाराकडं बघितलं, स्पीकरकडं बघितलं. गाणं तर चालूच होतं. तिला काही उमगेना.

"मंग मिल का बंद पडली?"

वैजनाथनं अमरेशकडं बघितलं. अमरेशनं उठून गाणं थांबवलं आणि मग सगळं सांगून टाकलं. भाकरी, मागचं दार, मिल लाव, फिनलंड, सगळं. एका दमात, उलटसुलट, जसं आलं तसं.

वैजनाथनं लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"मंग आधीच बोलायला काय झालतं बे तुला?"

"तू महिनाभर बसलास. कसं बोलू?"

"भाड्या, महिनाभर मी तुझ्या बापाला पुसून राहिलो व्हतो, अन् तू हाव हाव करतोस."

अव्वाला भांडण वाटलं. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुझं वाजविणं चांगलं हाय लेकरा. मी नावं ठिवत न्हाई. पर जरा हळू वाजवत जा. मिल नीट ऐकू येत न्हाई."

आधी वैजनाथ हसला. मग अमरेश. मग दोघांना आवरेना. "काकू," वैजनाथ डोळे पुसत म्हणाला, "समद्या जगाची तक्रार उलटी हाय."

"जगाला काय कळतंय. जेवा आता."

जेवताना वैजनाथ म्हणाला, जुनंच राहू देतो. पण त्या घरघरीवाल्याला उत्तर पाहिजे. "मी लिहिलं तर लोक म्हणतील, येत न्हाई म्हणून बहाणा सांगून राहिला. तू लिही. काकूचं मत लिही. तीबी ऐकणाऱ्यातच येते की."

म्हणून अमरेशनं ते लिहिलं. ह्या वेळी पुसलं नाही. ते असं :

"मी ह्या रेकॉर्डवर वाजवलेलं नाही, वायर धरली होती. हा अभिप्राय माझ्या आईचा आहे, तिला टाइप करता येत नाही. तिचं म्हणणं, गिटार कमी करा, मिल नीट ऐकू येत नाही. खालची घरघर ही आमच्या वडिलांची डाळ मिल आहे. वडील आता नाहीत, मिलही नाही. इथं मात्र दोन्ही चालू आहेत. तुम्ही ऐकता तेव्हा तुमच्याकडंही चालू असतात, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. ज्यांनी घरघर पकडली त्यांचे जास्त आभार, तुम्ही नीट कान देऊन ऐकलं. आणि वैजनाथ, तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. आई म्हणाली, ते काय मानायचं असतं, त्याला जेवायला बोलाव."

संध्याकाळी अमरेश त्याला स्टँडवर सोडायला गेला. नांदेडची गाडी लागलेली होती. वैजनाथनं खिडकीतून फोन दाखवला. घरघरीवाल्याचं उत्तर आलं होतं. त्यानं एवढंच लिहिलं होतं : पुन्हा ऐकलं. तुमच्या आईंचं बरोबर आहे. गिटार जास्तच आहे.

"आता दुसरी रेकॉर्ड करावी लागते," वैजनाथ म्हणाला. "काकू म्हणते तशी. गिटार हळू. पण मिल कुठून आणू? नेटवर असले आवाज मिळतात, पण ते खोटे."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. अमरेशला खिडकीच्या गजाला धरून मोठ्यानं बोलावं लागलं, घरात पूर्वी बोलायचे तसं.

"मशीन उदगीरला हाय अजून, चालू हाय. शेठला मी बोलतो. तू येळवशीला ये. न्हाई म्हणाला तर त्याच्या दारात बसतो, पर त्या दिवसापुरती मशीन मिळवतो, हा माझा शब्द हाय. पोती मी रचतो, वायर मी धरतो, नारळ मी फोडतो. बटन अव्वा दाबंल."