दिवा आडवा धर

जयतीर्थनं सायकलचा तिसरा दिवा पेटवून त्याचा झोत दुकानाच्या भिंतीवर मारला आणि नाक मुरडलं.

"याहून मोठा नाही?"

"याहून मोठा म्हणजे लॉरीचा, अण्णा," श्रीकांत म्हणाला. जे. पी. नगरातलं हे सायकलींचं दुकान त्याचं. गिऱ्हाईक घरचं मराठी बोलणारं निघालं की त्याची कानडी वळणाची जीभ जरा जास्तच सैल सुटायची.

"या डब्यावर दहा हजार लुमेन उजेड लिहिलाय."

"छापायला काय जातंय? हजार मिळाले तरी देवाला नारळ फोडा."

"काका, मी सांगतो ना," तनय मध्येच बोलला. "हा बाराशे रुपयांवाला घ्या. बजेटमध्ये बेस्ट आहे. मी पण तोच वापरतो. इम्पोर्टेडच्या पैशात सेकंडहँड सायकल येते!"

तनय दोन वर्षांपूर्वी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, वयानं जयतीर्थच्या मुलासारखा. दर शनिवारी दिवेलागणीला शहराबाहेर आनेकलच्या बाजूला मातीच्या वाटांवर सायकली घेऊन जाणारी सहाजणांची टोळी होती. त्यात सगळ्यात लहान हा आणि सगळ्यात मोठा जयतीर्थ, छप्पन्न वर्षांचा. एरवी पैसे वाचले की जयतीर्थला कोण आनंद व्हायचा. आज मात्र तो महागड्या दिव्याचाच डबा हातातून सोडत नव्हता.

कारण तीन आठवड्यांपूर्वी तो पडला होता. निलगिरीच्या झाडीतून जाणारी सरळ वाट, पावसाच्या पाण्यानं तिला आडवा पडलेला वीतभर चर. पुढचे चौघे हँडल उचलून पार झाले. जयतीर्थ थेट आत. चर त्याला दिसलाच नव्हता. "टायर घसरला," असं त्यानं सगळ्यांना सांगितलं, घरीसुद्धा. पण खरं कारण त्याला ठाऊक होतं. अप्पासाहेबांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, असंच सुरू झालं होतं. पंचावन्न-छप्पन्नलाच. आधी पायरी चुकली, मग संध्याकाळनंतर बाहेर पडणं बंद, मग जयतीर्थनं दंडाला धरून त्यांना घरातल्या घरात फिरवायचं. आता आपली पाळी, या विचारानं तीन आठवडे त्याला धड झोप नव्हती. घरी जिन्यावरचा दिवा हल्ली संध्याकाळपासूनच जळत असायचा. बायको विसरते, असं त्याला वाटे. तो विझवतही नसे, कारण खरं सांगायचं तर त्याला तो हवाच होता.

म्हणून मोठा दिवा. त्यानंही दिसलं नाही, तर सायकल विकायची आणि कारण कुणाला सांगायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

"कुठं लावता दिवा?" श्रीकांतनं विचारलं.

"हेल्मेटवर. बघू तिकडं उजेड."

"आणि हँडलवर?"

"तो खुळखुळायचा. गेल्या महिन्यात काढून टाकला. एक असताना दुसरा कशाला?"

श्रीकांतनं मागच्या खोलीकडं बोट दाखवलं. मग म्हणाला, "स्वल्प, जरा आत या बघू."

मागची खोली सामानाची. नळ टाकायला तिथली जमीन फोडलेली होती आणि बुजवलेला चर चार बोटं खचला होता. श्रीकांतनं दार ओढून अंधार केला, बाराशेचा दिवा हेल्मेटला अडकवून जयतीर्थच्या डोक्यावर ठेवला आणि पेटवला.

"चर कुठं आहे?"

पांढरा लख्ख उजेड. राखाडी सिमेंट, इकडून तिकडे एकसारखं. झालं, इथंही तेच.

"दिसत नाही," तो हळूच म्हणाला.

"बघू काका," म्हणत तनयनं हेल्मेट आपल्या डोक्यावर चढवलं. इकडं मान, तिकडं मान. "अरे? मलाही सपाटच दिसतंय."

"तुला?"

"हो ना! एकदम फ्लॅट."

"तुला दिसत नाही?" जयतीर्थनं त्याचा दंडच धरला. "नीट बघ. सव्वीस वर्षांचे डोळे तुझे!"

"नाही दिसत, काका. आई शप्पथ."

श्रीकांतनं दिवा काढून जयतीर्थच्या हातात दिला. "आता कंबरेशी धरा. हँडल असतं तिथं."

जयतीर्थनं हात खाली आणला. चराच्या अलीकडच्या काठाशी काळीभोर सावली उमटली, हातानं ओढल्यासारखी. त्यानं दिवा डोळ्यांशी नेला, सावली गेली. खाली आणला, परत आली.

आणि मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

एकतीस वर्षं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात एकतीस वर्षं तो यंत्रावरून उतरलेला माल तपासत होता. टेबलावरच्या दिव्याची मान वाकवून, उजेड पत्र्याला घासून जाईल असा सोडायचा, की केसाएवढा ओरखडासुद्धा सावलीनं उठून दिसतो. नव्यानं कामाला लागलेल्या प्रत्येकावर तो ओरडायचा, "दिवा आडवा धर रे! वरून मारलास तर काय कपाळ दिसणार?"

"माझी अक्कल कुठं चरायला गेली होती!" तो म्हणाला आणि हसत सुटला. हसता हसता चराशेजारी जमिनीवरच बसला. डोळे पुसावे लागले, ते त्यानं उघडपणे पुसले.

"काका, ओके ना?"

"ओके, ओके! एकदम ओके!"

"सरी, ठीक आहे," श्रीकांत म्हणाला. "मग बाराशेचा हँडलला लावा, जुना हेल्मेटवर राहू द्या. मोठा डबा आत ठेवू?"

"ठेव बाबा, आधी आत ठेव."

साडेसातला तो घरी पोचला. त्याची बायको वसुमती खाली स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होती. चपलासुद्धा न काढता त्यानं सगळं सांगितलं. चर, सावली, तनयचे डोळे. आणि बोलण्याच्या भरात तेही सांगून टाकलं, "मला वाटलं, अप्पांसारखं व्हायला लागलं."

वसुमतीनं हातातली शेंग मोडली. "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचंय. मी पंधरा दिवसांपूर्वीच वेळ घेतलीय. दिवा मिळाला म्हणून ती मोडायची नाही हं."

जयतीर्थनं चपला काढायला वाकवलेली मान वर केली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? टायर घसरला असता तर आठवडाभर टायरला शिव्या घातल्या असत्या तुम्ही. तुम्ही तर गप्पच झालात."

जीव भांड्यात पडलेला, आणि तो आपल्या एकट्याचाच नव्हता, हे त्याच्या आता ध्यानात येत होतं.

"धुळीचे कपडे बदलून या, जा," ती म्हणाली. पदराला हात पुसत ती त्याच्या मागोमाग जिन्याशी आली आणि तीन आठवडे मुद्दाम जळत ठेवलेला दिवा तिनं बंद केला.

जिना अंधारात गेला. खिडकीतून रस्त्यावरचा जेमतेम उजेड येत होता. जयतीर्थ कठड्याला हात न लावता चढू लागला. वळण आलं, वळण गेलं.

तो वर पोचेपर्यंत वसुमतीनं बटणावरचं बोट काढलं नाही.