सात जणांची सायकल

आपल्या सोलापुरात फ्लेक्स नसलेला चौक शोधायला निघालात तर दिवस मावळेल. वाढदिवस, निवड, नेमणूक, वाटप! त्यातही वाटपाच्या फ्लेक्सची तऱ्हाच न्यारी. देणारे पुष्कळ, घेणारा एकटा आणि वस्तूला इतके हात लागलेले की वस्तू दिसायची मारामार. तुम्हीआम्ही हे रोज बघतो आणि सिग्नल सुटला की पुढे जातो.

सुबोधचा सात रस्त्याजवळ फोटो स्टुडिओ आहे आणि असे फोटो हे त्याचं नेहमीचं काम. माणूस चोख, शब्दाचा पक्का. वेड एकच, यंत्राचं. कॅमेरा भारी असला की फोटो आपोआप भारी येतो, असं त्याचं ठाम मत. दिवाळीत त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून घरात जेवताना दुसरा विषय निघाला नाही.

एका संध्याकाळी तो खुशीतच घरी आला आणि बायकोपुढे मोबाईल धरला.

"इंद्रायणी, कुंभारीच्या फाट्यावर माझा हा फ्लेक्स लागलाय बघ. डोळ्यांतलं पाणीसुद्धा किती स्वच्छ आलंय! जुन्या कॅमेऱ्यात आलं असतं हे?"

फोटोत एक नवी सायकल होती. तिला धरून सात जण उभे होते. त्यांत सायकल देणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष बसलिंगप्पा पुढे, आणि सगळ्यांच्या मधोमध दोन वेण्यांची एक मुलगी, डोळे भरून आलेली. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आनंदाश्रू!' हा शब्द सुबोधनंच सुचवला होता.

इंद्रायणी कुंभारीच्या शाळेत शिकवते. फोटो बघून तिचा चेहरा उतरला.

"ही पूनम. माझ्या नववीच्या वर्गातली. हा फ्लेक्स लागल्यापासून शाळेत आलेली नाही."

"का?"

"पोरं तिला रस्त्यात आनंदाश्रू म्हणून हाक मारतात. आई म्हणते, शाळा नको तर नको, माझ्याबरोबर चिंचोळीच्या कारखान्यात कामाला चल. अहो, हुशार मुलगी आहे ती. एकदा कारखान्यात गेली की परत वर्गात यायची नाही."

सुबोधला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याला उपायही यंत्रातच दिसला. तो संगणकावर बसला, पूनमच्या डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि ओठांवर छानसं हसू बसवलं. हल्ली हे चुटकीसरशी होतं. खालची ओळही बदलली. मंडळाला कळवून त्यानं दुसऱ्या दिवशी फाट्यावर नवा फ्लेक्स चढवला आणि इंद्रायणीला म्हणाला, "चल, मीच तिच्या घरी येऊन सांगतो."

पूनमच्या दोन खोल्यांच्या घरापुढे सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती. सीटवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. वडील मेंढरं घेऊन लांब रानात गेलेले. आई मायाक्का दारातच होती.

"या की मॅडम. सर, बसा."

सुबोधनं मोठ्या उत्साहानं मोबाईलवर नवा फोटो दाखवला. पूनमनं तो बराच वेळ बघितला.

"सर, हे हसू माझं न्हाय."

"अगं, पण छान दिसतेस की!"

"ही दुसरीच पोरगी हाय. मी असं हसतच न्हाय."

मायाक्का म्हणाली, "ती रडली त्याची लाज न्हाय ओ सर. पर पोरीचं तोंडच बदललं तुमी. आमाला इचारायचं तरी."

सुबोधनं मोबाईल खिशात ठेवला. मग त्यानं एक प्रश्न विचारला, जो त्याला आजवर पडलाच नव्हता.

"पूनम, त्या दिवशी डोळ्यांत पाणी कशानं आलं होतं?"

"अध्यक्ष म्हनले, सायकलवर बसून दाखव. मला चालवायला येत न्हाय. तसं सांगितलं, तर समदी हसली." तिनं सुबोधकडे बघितलं. "मग तुमी म्हनला, हिकडं बघ."

परत येताना सुबोध गाडी हळू चालवत होता. फाट्यावर त्यानंच चढवलेली हसरी पूनम दिसली आणि त्यानं मान फिरवली. शेवटी तो म्हणाला, "कॅमेऱ्याचंच चुकलं. नको इतकं स्पष्ट दाखवतो."

"कॅमेऱ्याला बोल लावू नका," मागून इंद्रायणी म्हणाली. "त्यानं पाणी दाखवलं, त्याचं काम झालं. ते कशाचं आहे, हे तुम्ही बघायचं होतं. तुम्ही फोकस बघितला, उजेड बघितला, पाहुणे नीट मावले का ते बघितलं. तिच्याकडे बघितलंच नाही. आधी तिच्याकडे बघितलं असतं ना, तर माझ्या साध्या मोबाईलवरही खरा फोटो आला असता!"

घराकडे वळण्याऐवजी सुबोधनं गाडी बसलिंगप्पांच्या दुकानाकडे घेतली.

"फ्लेक्स काढायचा?" बसलिंगप्पा उखडलेच. "सायकल दिली की आमी! चांगलं काम करून दाखवायचंबी न्हाय व्हय?"

सुबोधनं मूळचा फोटो त्यांच्यासमोर धरला. "अण्णा, एवढंच सांगा. यात पोरीकडं कोण बघतंय?"

बसलिंगप्पांनी चष्मा लावला. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले. सातही जण कॅमेऱ्याकडे बघत होते. बोट स्वतःच्या चेहऱ्यावर आलं आणि तिथंच राहिलं.

"बसून दाखव म्हनून मीच म्हनलो की रे तिला," ते हळूच म्हणाले. "आणि हसलोबी मीच आदी." मग नोकराला हाक मारली, "शिडी घे रे, फाट्यावर जायचंय!"

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर पूनम सायकलवर बसली होती. सुबोध मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरून पळत होता आणि घामानं निथळत होता. कुंपणापाशी मायाक्का पदर तोंडाला लावून उभी होती. तेवढ्यात बसलिंगप्पा आले.

"अरं सुबोध, फोटो घे की! लई भारी यील!"

"हात मोकळे नाहीत, अण्णा! तुम्ही या, त्या बाजूनं धरा!"

बसलिंगप्पांनी क्षणभर इकडंतिकडं बघितलं, मग धोतर खोचलं आणि धावले.

सोमवारी पूनम वर्गात हजर होती. दोन्ही गुडघे खरचटलेले, पण सायकल फाटकात उभी होती. पोरांनी आनंदाश्रू म्हणून हाक मारली, तेव्हा तिनं नुसती घंटी वाजवली.

मित्रहो, दान देणं चांगलंच आहे, त्याचा फोटो काढणंही पाप नाही. पण त्या दिवशी स्टेजवर हँडल धरायला सात जण होते आणि मागून धरायला एकही नव्हता, हे कुणालाच दिसलं नाही. ते दाखवणारी लेन्स बाजारात मिळत नाही. आधी समोरच्या माणसाला बघावं, त्याला विचारावं, मगच बटण दाबावं! हे फोटोग्राफरला जितकं लागू, तितकंच हातात मोबाईल असलेल्या तुम्हाआम्हा सगळ्यांना लागू आहे.

आता कुणी सुबोधला विचारलं, कॅमेरा कुठला घेऊ, तर तो म्हणतो, "कुठलाही घे." त्याच्या स्टुडिओत खूप फोटो लावलेले आहेत, पण त्या रविवारचा एकही नाही. तो कुणी काढलाच नाही. तरी पूनम पहिल्यांदा एकटी पुढे गेली तेव्हा कशी हसली, हे मात्र तो हुबेहूब सांगू शकतो.