दात्यांसमोर दोन शब्द

विद्यापीठाच्या वाचनालयात त्यांना सगळे ‘प्रूफवाले’ म्हणत. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावरही वाचताना चूक दिसली की हात पेन्सिलीकडे जाई. ग्रंथपालबाईंनी तंबी दिल्यापासून ते पेन्सिल घरी ठेवून येत आणि बोटानेच हवेत खुणा करत.

त्यांच्याशी बोलणारं तिथे एकच माणूस होतं. परत आलेली पुस्तकं मांडण्यांवर लावणारी मुलगी. ती तिथेच शिकत होती आणि दुपारी हे काम करत होती.

“काका, आज किती चुका पकडल्या?”

“तुझ्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पुष्कळ आहेत.”

“मग माझं चुकलंच, तिथे प्रवेश घेतला ते.”

ते हसत. एवढं बोलणं झालं तरी त्यांचा दिवस बरा जाई.

एकदा ती ढकलगाडी भिंतीला लावून त्यांच्यासमोर येऊन बसली. “काका, एक काम आहे. तुम्ही दाते व्हा.”

“म्हणजे?”

“शिष्यवृत्तीवाल्यांचा कार्यक्रम आहे. दाते पुढच्या रांगेत बसणार आणि आम्ही एकेक जण वर जाऊन आमची परिस्थिती सांगायची. आईवडिलांनाही बोलावलंय. मला सराव करायचाय. तुम्ही पोट पुढे काढा आणि मान हलवा.”

“पोट नाही मला.”

“मग नुसती मान हलवा. मध्येच डोळ्याला रुमाल लावा. त्याशिवाय दाता वाटत नाही.”

त्यांनी खरंच रुमाल काढला. ती खुदकन हसली, मग उभी राहिली आणि घसा खाकरून म्हणाली, “कुठल्याशा नर्सबाईंच्या नावाची शिष्यवृत्ती मला मिळाली...”

त्यांचा रुमाल हातातच राहिला.

त्या नर्सबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. रुग्णालयात रात्रपाळ्या करून तिने यांना शिकवलं होतं. ती गेल्यावर तिचं घर विकून आलेले पैसे त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकले. आपलं नाव कुठेही नको, ताईचं तेवढं असू द्या, असं बजावलं होतं. तेव्हा मदत-कक्षाच्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, “ज्या मुलीला मिळेल तिची कहाणी ऐकायला आवडेल ना, सर?” नको म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून ते म्हणाले होते, “हो, आवडेल की.”

आता सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं. पण रुमाल काढून झाला होता, हसून झालं होतं. आता सांगायचं कोणत्या तोंडाने?

मुलगी मात्र गंभीर झाली होती. “खरी अडचण बाबांची आहे. ते बस चालवायचे. डोळे अधू झाले म्हणून काढून टाकलं. पण घरी सांगतात, आता नवीन चालकांना शिकवायला नेमलंय. रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, डबा घेऊन निघतात आणि दिवसभर बागेत बसतात. मी पाहिलंय. आईला पण माहितीये. पण आम्हाला कळलंय हे त्यांना माहीत नाही.”

“मग ते कशाला सांगायचं?”

“अर्जात लिहावं लागलं ना. मदत-कक्षाचे साहेब म्हणतात, बागेचंच सांग, तेच काळजाला भिडतं. दात्यांना ऐकायचंय म्हणे.” ती नखाने टेबलाची कड खरवडू लागली. “बाबा मागे बसलेले असणार, काका. म्हणून मी दोन तऱ्हा केल्यात. एक बागेसकट, एक बागेशिवाय. बागेशिवायची सांगितली तर दाते चिडतील का? पुढच्या वर्षी बंद करतील?”

“नाही,” ते म्हणाले. इतक्या ठामपणे ते आयुष्यात क्वचितच बोलले असतील. “कोणी चिडणार नाही. बागेशिवायचीच सांग.”

“तुम्हाला काय माहीत?”

“वाटतं आपलं.”

ती निर्धास्त होऊन उठली. घरी जाऊन त्यांनी मदत-कक्षाला फोन करायचं ठरवलं. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग वाटलं, मुलगी स्वतःच टाळणार आहे, आपण कशाला मध्ये पडा. फोन राहून गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी शेवटच्या रांगेत बसू म्हणून ते गेले, तर अधिकाऱ्याने दारातच गाठून कोटाला फूल टोचलं आणि थेट पुढच्या खुर्चीत नेऊन बसवलं. मुलगी व्यासपीठावर चढली. अधिकारी ध्वनिक्षेपकावर म्हणाला, “या शिष्यवृत्तीचे दाते प्रसिद्धीपासून दूर राहतात. पण आज आपल्या भाग्याने ते समोर बसले आहेत.”

सभागृहात टाळ्या झाल्या. मुलीने खाली पाहिलं. आधी ओळखीचं हसू आलं, मग तिची नजर फुलावर गेली आणि हसू जागच्या जागी थिजलं.

प्रूफवाले उठले. काही सांगायची गरज नाही, बाळ, खाली ये, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण ते उठलेले पाहून अधिकाऱ्याला वाटलं, साहेबांना बोलायचंय. त्याने धावत येऊन माईक त्यांच्या हातात दिला. सगळं सभागृह त्यांच्याकडे वळलं. स्वतःचाच श्वास त्यांना चारी भिंतींतून ऐकू आला. डोक्यातली वाक्यं पार पुसली गेली. अशा वेळी चारचौघांत म्हणतात ते तेवढं तोंडातून निघालं.

“निवांत सांगा. आम्हाला सगळं ऐकायचंय.”

ते खाली बसले. अधिकाऱ्याने मुलीला मानेने खूण केली, ऐकलंस ना?

तिने सगळं सांगितलं. डबा, इस्त्रीचे कपडे, बाग, बाक. आवाज कुठेही हलला नाही. बोलताना ती फक्त यांच्याकडे पाहत होती. शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. कोणीतरी यांच्या पाठीवर थाप मारली. मागे वळून पाहायची त्यांची छाती झाली नाही.

चहाच्या वेळी ते खांबाआड उभे होते, तिथे ती वडिलांना घेऊन आली. इस्त्रीचा सदरा, जाड चष्मा. वडिलांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

“पोरीने जरा जास्तच लांबवलं. तुमचा वेळ गेला. माफ करा.”

“नाही, नाही... छान बोलली.”

हे शब्द तोंडातून गेले आणि त्यांना वाटलं, आपली जीभ झडली का नाही?

“बाग चांगली आहे हो,” वडील उगीचच हसले. “सावली असते.” मग मुलीकडे न पाहता म्हणाले, “निघू या का?”

“येतो, सर,” मुलगी म्हणाली. काका म्हणाली नाही.

ती दोघं दाराकडे गेली. वडील दोन पावलं पुढे चालत होते, मुलगी मागे. एरवी अधू डोळ्यांच्या माणसाला हात धरूनच नेलं असतं. तिने हात पुढे केलेला दिसला, पण त्यांनी तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रूफवाले मदत-कक्षात जाऊन उभे राहिले. घाम पुसत म्हणाले, “ताईच्या पैशातून जिला मदत मिळेल, तिला कधीही व्यासपीठावर बोलवायचं नाही. माझी तशी अट धरा.”

“एवढंच ना, सर?” अधिकाऱ्याने लगेच टिपून घेतलं. “आधी सांगायचं की! काल तिला उभीच केली नसती. बसा, चहा मागवतो.”

त्यांना तिथे क्षणभरही थांबायचं नव्हतं. पण नको म्हणता आलं नाही. ते बसले आणि समोर आलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.