टेन्स म्हणजे काळ
सन चौसष्टच्या पौषात रामपायलीच्या दादाजींना बालाघाटहून तार आली. तार जावयाची होती. जावई प्रेमलाल तिथं जंगल खात्यात कारकून होता. इंग्रजीत चारच शब्द होते: पुष्पलता टेन्स कम सून. दादाजींना त्यातलं काहीच वाचता येईना, म्हणून ते घनश्याम मास्तरांकडे गेले. मास्तर सहावीला इंग्रजी शिकवत.

"पुष्पलता म्हणजे तुमची पोरगी," मास्तर म्हणाले. "कम सून म्हणजे लवकर या."

"अन् मधातला शब्द?"

"टेन्स. टेन्स म्हणजे काळ."

"कायचा काळ?"

"इंग्रजीत तीन असतात. भूत, वर्तमान, भविष्य. कोणता, ते लिवलं नाई."

दादाजींची पोरगी आठव्या महिन्यात होती. "मास्तर, माणसाच्या नावापुढं काळ लिवला तं तो कोणता असते?"

मास्तरांनी तारेची घडी केली, ती दादाजींच्या हातात दिली आणि मान खाली घातली.

सवाष्ण गेली की तिला माहेरचं लुगडं लागतं. दादाजी, बायको शेवंताबाई आणि भाऊ महागू वारासिवनीला आले, तेव्हा गाडी सुटायच्या आधी दादाजींनी बाजारातून हिरवं लुगडं घेतलं.

"लग्नाले का?" दुकानदारानं विचारलं.

"हौ," दादाजी म्हणाले.

बालाघाटला गल्लीच्या तोंडापासूनच शेवंताबाईंनी गळा काढला. अंगणात पुष्पलता तांदूळ निवडत बसली होती. आई दिसताच ती सूप टाकून उठली.

"माय, कोण मेलं वो?"

शेवंताबाईंचं रडणं एकदम थांबेना. शेवटी महागू म्हणाला, "कोणी नाई. आमी असेच आलो."

संध्याकाळी प्रेमलाल घरी आला. "बोलत नाई, जेवत नाई," तो म्हणाला. "डाक्टर म्हणे, टेन्स आहे, माहेरच्या माणसाईले बोलवा. मी तोच शब्द लिवला."

"पण म्हणजे काय, जावाईबुवा?"

"दोरी लय ताणली का कशी होते, तसं कायतरी."

दादाजी पोरीजवळ जाऊन बसले. काय झालं, असं त्यांनी तिला आजवर कधी विचारलं नव्हतं. ते बायकांचं काम. पण सकाळपासून ते तिला मेलेली समजून चालले होते, आणि आता विचारायला त्यांना काही वाटलं नाही.

पुष्पलतेनं खाली बघतच सांगितलं. शेजारची ललिता दिवाळीत बाळंतपणात गेली. तेव्हापासून डोळ्याला डोळा नव्हता.

"तुले काय पाह्यजे?"

"माय पाह्यजे."

दादाजी विहिणीपुढं, प्रेमलालच्या आई गोदाबाईंपुढं, उभे राहिले. "ईनबाई, बाळंतपण तुमच्या म्हणण्यापरमानं इथंच, दवाखान्यात. पण पोरीची माय इथं राहीन."

"लेकीच्या घरी?" गोदाबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या. मी आज पोरीसाठी लुगडं घेऊन आलतो. लोकाईनं नाई आणलं."

गोदाबाईंनी त्यांच्या हातातल्या हिरव्या लुगड्याकडं पाहिलं. पाहता पाहता त्यांना ते कशासाठी ते समजलं. त्या आत गेल्या आणि शेवंताबाईंसाठी सतरंजी काढून आणली.

शेवंताबाई दीड महिना राहिल्या. लेकीच्या घरचं खायचं नाही म्हणून त्यांनी अंगणात वेगळी चूल मांडली. दोघी विहिणी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी वरणातल्या मिठावरून भांडल्या आणि मग बोलायला लागल्या. पुष्पलता त्या दिवशी दोन्ही चुलींवरचं जेवली.

माघात तिला मुलगी झाली.