पुराच्या चित्रातली बाई

महापुराला चाळीस वर्षं झाली म्हणून ग्रंथालयाच्या भिंतीवर चित्र काढायचं ठरलं. कच्चं रेखाटन बघायला चित्रकार बाईंनी म्हाताऱ्या बाइंडरला बोलावलं. त्याची बायको मागच्या वर्षी गेली. चिखलातून काढलेली हजारभर पुस्तकं तिनेच वाळवली होती, आणि ती भिंतीवर यावी एवढंच त्याला हवं होतं.

रेखाटनात ती उघडं पुस्तक छातीशी धरून हसत होती.

"ही आमची नव्हे," तो म्हणाला. "ओलं पुस्तक असं उघडलं की पानं फाटतात. कुणी उघडलं की ती हातावर फटका द्यायची. मीही खाल्लाय."

"मग काकू काय करायच्या, काका?"

"खाली मान घालून बसायची. पान आपणहून सुटेल तिथेच टीपकागद सरकवायची. दिवसभर तेच."

"पण मग चेहरा दिसणार नाही. लोक ओळखणार कसे?"

म्हाताऱ्याने रेखाटनातल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"तेव्हा महिनाभर मलाही कुठे दिसला होता," तो म्हणाला. "मान खालीच काढा."

बाईंनी खोडरबर उचललं आणि आधी हसू पुसलं.