आईला सांगायचं नाही

सकाळी सव्वासहाला मुक्ता लेकीचा डबा भरत होती. हिंदी मुलखातल्या शहरात, फ्रीगंज भागातल्या त्यांच्या घराखाली पोहे-जिलबीचं दुकान होतं. जिलबीचा वास वर येऊ लागला तशी तिनं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. दोन महिन्यांपासून ईराच्या ताटात साखर, गहू, दूध, दही यांतलं काहीच पडत नव्हतं. डब्यात ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी आणि भिजवलेले चार बदाम होते.

ईरा नऊ वर्षांची. कविता एकदा ऐकली की पाठ व्हायची. पण गणिताच्या दुसऱ्या ओळीवर पेन्सिल कुठे गेली ते तिलाच कळायचं नाही. रस्त्यात हात सोडून धावायची, बाईंचा प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची. शेवटी शाळेच्या सांगण्यावरून तिला डॉक्टर भार्गवींकडे नेलं. दोन-तीन भेटींनंतर त्यांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा त्रास, असल्याचं सांगितलं. सकाळी पोटभर नाश्ता, मग एक गोळी, वर्गात पुढची जागा, आणि महिन्यानं पुन्हा भेट.

मुक्ता सरकारी शाळेत गणित शिकवायची, साडेसहाला घर सोडायची. गोळी देण्याचं काम तिच्या नवऱ्यानं, आल्हादनं, आपणहून घेतलं. महिन्याच्या भेटीलाही तोच ईराला घेऊन निघाला. "सगळं ठीक आहे, डॉक्टर बोलल्या चालू ठेवा," असं येऊन सांगितलं. असा नवरा मिळाला म्हणून शाळेतल्या बायका मुक्ताचा हेवा करायच्या, आणि तिलाही ते आवडायचं.

आहाराचा तक्ता दिला होता आल्हादच्या कॉलेजातल्या मित्रानं, माणिकनं. तो मुलांच्या बुद्धीसाठी पावडरी आणि गोळ्या विकायचा. "भाभी, बच्चे का दिमाग पेट से चलता है," तो म्हणाला होता. औषधाला जोड म्हणून मुक्तानं ते मानलं. मनात बोचत होतं ते वेगळंच. सासूबाई, शोभाताई, येताजाता म्हणायच्या, "पोटात होती तेव्हा तू कचोरी-नमकीनच खायचीस गं. त्याचंच आहे हे सगळं." दहादा ऐकल्यावर मुक्तालाही ते खरं वाटू लागलं होतं.

एवढं करूनही ईरात तसूभर फरक नव्हता. उलट ती चिडचिडी झाली, गालफडं बसली. परवाच मुक्ताचा तोल सुटला होता. "औषध घेतेस, तरी अशीच वागतेस. मतलब तुला सुधारायचंच नाही ना?" ईरानं आजीकडे पाहिलं, मग खाली मान घातली.

त्या दिवशी आठला मुक्ताच्या शाळेत फोन आला. ईरा प्रार्थनेच्या रांगेत भोवळ येऊन पडली होती.

डॉक्टर भार्गवींनी रक्त तपासून घेतलं. दुसऱ्या दिवशी मुक्ता, आल्हाद आणि ईरा त्यांच्यासमोर बसले. "वजन दोन किलोनं उतरलंय. लोह फारच कमी आहे. आणि तुम्ही गेल्या महिन्यात आला का नाहीत?"

मुक्तानं आल्हादकडे पाहिलं. तो मोबाईल खिशात ठेवत होता.

"हे आले होते ना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागद पुन्हा चाळले. "नाही. बरं, गोळीनं काहीच फरक नाही म्हणता. मग डोस वाढवायचा की औषध बदलायचं ते पाहावं लागेल."

"नका वाढवू," ईरा हळूच म्हणाली. "मी ती गोळी घेतच नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"बाबा ती बेसिनमध्ये टाकतात. मला माणिककाकांची देतात. आईला सांगायचं नाही, असं ठरलंय." मग आईकडे वळून म्हणाली, "मी नाही सांगितलं, आई. तू रागावलीस तेव्हापण नाही सांगितलं."

गोळ्यांची रिकामी पानं मुक्तानं स्वतः पाहिली होती. दर आठवड्याला एक पान संपत होतं, म्हणून ती निर्धास्त होती. म्हणजे पानंसुद्धा तिला दाखवण्यासाठीच रिकामी होत होती. पण त्याहून तिला जाळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. लेकीला तिनं औषध घेऊनही न सुधारणारी म्हटलं होतं, आणि लेकीनं ते ऐकून घेतलं होतं.

"माझ्या खाण्यामुळे झालं का हे?" तिनं डॉक्टरांना विचारलं. इतके दिवस तिनं हा प्रश्न गिळला होता.

"नाही. गोड खाऊन एडीएचडी होत नाही, आणि आईच्या स्वयंपाकानं तर मुळीच नाही. खाण्याचं महत्त्व आहेच. लोह कमी असलं की लक्ष आणखी उडतं, ते भरून काढू. सकाळी दूध, अंडं, डाळीचं काहीतरी, वेळेवर जेवण, पुरेशी झोप. माशाच्या तेलातल्या ओमेगा-थ्रीचा कुणाकुणाला थोडा उपयोग होतो. पण हे सगळं औषधाच्या सोबतीला. त्याच्या जागी नाही. आणि वाढत्या मुलीचं दूध, गहू कशासाठी तोडलंत?"



घरी येताच आल्हाद म्हणाला, "मी तिचं वाईट नाही चाहत, मुक्ता. उद्या स्थळं येतील. आपल्या लोकांत बात किती लवकर फैलते तुला माहीत आहे. मुलगी दिमागाची दवाई खाते म्हटल्यावर कोण करणार तिला?"

"नऊ वर्षांची आहे ती."

"म्हणूनच आत्तापासून जपायचं," शोभाताई आतून म्हणाल्या.

मुक्ता वळली. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी पदराला हात पुसले. घरात तिच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. नऊ वर्षांच्या पोरीलाही.

"अजून एक आहे," आल्हाद म्हणाला. "रविवारी आपल्या समाजाच्या मंडळाच्या हॉलमध्ये माणिकचा प्रोग्राम आहे. त्यानं ईराचा फोटो लावलाय. बिना दवाई ठीक झाली म्हणून. आता मी जबान दिली आहे. तू फक्त येऊन बस, बोलू नकोस काही."

मुक्ता ईराजवळ जाऊन बसली. "तुझ्याबद्दल लोकांना खरं सांगू का? नको म्हणालीस तर नाही सांगणार."

ईरानं विचार केला. "सांग. पण मी पडले ते नको सांगू. वर्गात सगळे हसले होते."

रविवारी हॉल भरला होता. बहुतेक आईबापच होते. पडद्यावर ईराचा हसरा फोटो आला. माणिक म्हणाला, "ये बच्ची देखिए. एक भी गोली नहीं, सिर्फ सही पोषण."

मुक्ता उभी राहिली. शोभाताईंनी तिचा हात ओढला; तिनं तो सोडवून घेतला.

"ही माझी मुलगी आहे," ती म्हणाली. "तिला एडीएचडी आहे, अजून आहे. तिची गोळी मला न कळवता बंद केली, तिचं दूध आणि पोळी मी माझ्या हातानं बंद केली. तिचं रक्त कमी झालंय, वजन उतरलंय. आता तिचं औषध चालू आहे आणि ती पोटभर जेवते. हा फोटो लावताना तिला कुणी विचारलं नव्हतं. काढून टाका."

माणिकनं हसण्याचा प्रयत्न केला. "भाभी थोड़ी परेशान हैं..." पुढच्या रांगेत बसलेला आल्हाद मागे वळला नाही. मुक्ता तशीच उभी राहिली. पडदा पांढरा झाल्यावरच खाली बसली.

त्यानंतर तिनं शाळेत अर्ज करून दुपारची पाळी मागून घेतली. ईराचा नाश्ता आणि गोळी आता तिच्याच हातची. एकदा आल्हाद म्हणाला, "माझ्यावर इतकाही भरोसा नाही?" "नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, आणि समजूतही काढली नाही.

आठवड्यानं एका अनोळखी बाईचा फोन आला. हॉलमध्ये होती म्हणाली. मुलगा सात वर्षांचा, तसाच. डॉक्टरांचं नाव हवं होतं. "पण घरी कुणाला कळायला नको. मी गुपचूप घेऊन जाईन."



"गुपचूप नका नेऊ," मुक्ता म्हणाली. "आजार लपवला की पोराला वाटतं, आपणच लाजिरवाणे आहोत. माझ्या मुलीला वाटत होतं. तुमचे मिस्टर आणि सासूबाई घरी असतील ती वेळ सांगा. मी येते. आपण दोघी मिळून सांगू."



"ते ओरडतील," बाई म्हणाली.

"ओरडू देत. पत्ता लिहून घेते, सांगा."